डिस्क केसिंगमध्ये घालशील तेव्हा

पोरी, लॅपटॉप गेला म्हणून हातपाय गाळू नकोस. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलंय, डिस्क गेली असं कुठे म्हणालाय? मदरबोर्ड जळाला तरी आतली हार्ड डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते. ती बाहेर काढायची, केसिंग नावाच्या डबीत बसवायची आणि यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. लग्नांचं शूटिंग, अल्बमच्या फायली, सगळं जिथल्या तिथे सापडतं. बसवण्याचं काम तसं अर्ध्या तासाचं. पण त्या अर्ध्या तासात काही गोष्टी जपल्या नाहीत तर चांगली डिस्क हातची जाते, आणि त्या गोष्टी केसिंगच्या खोक्यावर कुठे छापलेल्या नसतात. म्हणून बसून नीट ऐक.

सगळ्यात आधी हे पक्कं धर: ज्या डिस्कमध्ये एकुलता एक डेटा आहे, ती नव्या केसिंगमध्ये पहिल्यांदा घालायची नाही. नवं केसिंग आणलं की आधी त्यात रिकामी, फालतू डिस्क घालायची. आपल्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या लॅपटॉपची काढून ठेवलेली असतेच. तिच्यावर केसिंग तासन्तास चालवून बघायचं. ते तापतंय का, मध्येच तुटतंय का, लिहिलेलं जसंच्या तसं परत देतंय का, हे कळलं की मग लोकांच्या लग्नाची डिस्क त्यात घालायची. निळा दिवा लागला आणि ड्राइव्ह दिसला एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. दिवा फक्त वीज पोचल्याचं सांगतो.

एवढं जपायचं कशाला, ते तुला धंद्यात वर्षं गेली की आपोआप कळेल. पणदरे, माळेगाव, कोऱ्हाळे, सांगवी, बारामतीच्या आसपासच्या गावांतून लोक लग्नाच्या वर्षात येतात, अल्बम नेतात आणि विसरतात. मग दहा-बारा वर्षांनी कुणीतरी दारात उभं राहतं. आजी गेलेली असते, दशक्रियेच्या बॅनरला फोटो हवा असतो आणि घरात तिचा एकटीचा फोटो नसतो. नातवाच्या लग्नात मांडवात पुढच्या रांगेत बसलेली, डोक्यावरचा पदर सावरताना कॅमेऱ्याकडे बघणारी, तेवढीच तिची प्रतिमा. ती फ्रेम आपल्याकडे असते. त्या माणसाला ‘डिस्क उडाली’ असं सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता कामाला लाग. केसिंग आणायला निघण्याआधी डिस्क हातात घेऊन बघ. लॅपटॉपमधली असेल तर अडीच इंची, टेबलवरच्या कॉम्प्युटरमधली असेल तर साडेतीन इंची. अडीच इंचीला 5 व्होल्ट पुरतात, ते यूएसबीच्या केबलमधूनच मिळतात. साडेतीन इंचीला 5 च्या जोडीला 12 व्होल्टही लागतात, म्हणून तिच्या केसिंगला वेगळा अडॅप्टर असतो. अडॅप्टरशिवाय साडेतीन इंचीचं केसिंग कुणी देत असेल तर घेऊ नकोस.

मग डिस्कची मागची कड बघ. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन चपट्या पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या, एक आखूड आणि एक लांब, तर ती सॅटा. आखूड पट्टीवर डेटाच्या 7 पिना, लांब पट्टीवर विजेच्या 15. पट्ट्यांऐवजी सुईसारख्या पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर ती जुनी आयडीई. सॅटा 2003 च्या सुमारास आली, त्याआधीचे आणि नंतरची काही वर्षं निघालेले कॉम्प्युटर आयडीईचेच. तिचं केसिंग वेगळं, ते आता शोधावं लागतं. दुकानदार ‘कुठलीही चालते’ म्हणाला तरी डिस्क सोबत ने आणि समोर लावून बघ. जाडीही मोज. नव्या पातळ डिस्क 7 मिलिमीटरच्या, जरा जुन्या साडेनऊच्या, काही साडेबाराच्याही असतात. पातळ केसिंगमध्ये जाड डिस्क कोंबली तर झाकण बसतं खरं, पण पत्रा सतत दाबला जातो. हार्ड डिस्कच्या वरच्या पत्र्यावर दाब नको. आणि 7 ची डिस्क साडेनऊच्या केसिंगमध्ये सैल बसत असेल तर सोबत आलेली स्पंजाची पट्टी लाव, फेकून देऊ नकोस.

लॅपटॉप नवा असेल तर आत डिस्कऐवजी च्युइंगमच्या पट्टीएवढी एम डॉट टू सापडेल. ती दोन जातींची असते, सॅटा आणि एनव्हीएमई. दोन्हींना केसिंग वेगवेगळं लागतं. वरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, मोबाइलवर त्याचा फोटो काढून दुकानात दाखव.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. बाजारात तयार मिळणारी छोटी एक्स्टर्नल डिस्क बंद पडली की लोक म्हणतात, खोकं फोडून आतली डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये टाकू. त्यातल्या कित्येकांच्या आत सॅटाची पट्टीच नसते, यूएसबीचं भोक थेट डिस्कच्या बोर्डावर झाळलेलं असतं. शिवाय काहींचा बोर्ड डेटा कुलूपबंद करून लिहितो. तुम्ही पासवर्ड दिलेला असो वा नसो, तो बोर्ड बदलला की डिस्क फिरते पण वाचता येत नाही. अशी डिस्क गिऱ्हाइकाने आणली तर फोडायला घेऊ नकोस. आधी केबल बदलून बघ. बरेचदा दुखणं तिथेच असतं.

केसिंग कुठून घ्यायचं? बारामतीत मिळतं, पुण्याला गेलीस तर तपकीर गल्लीत किंवा कॉम्प्युटरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. चार पैसे जास्त गेले तरी यूएसबी 3.0 चंच घे. यूएसबी 2.0 कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट, हातात येतात 30-35 मेगाबाइट. 3.0 कागदावर 5 गिगाबिट, तिथे अडथळा केसिंगचा राहत नाही, लॅपटॉपची डिस्क जेवढी धावेल तेवढी, म्हणजे शंभरच्या आसपास. एक टीबी उतरवायला जुन्या केसिंगला सगळी रात्र जाते, नव्याला दुपारच्या तीन तासांत होतं. रात्रभर चालणारं काम आपल्याकडे कधी पुरं होईल याचा भरवसा नाही, ते विजेचं पुढे सांगतो. झाकण अॅल्युमिनियमचं मिळालं तर उत्तम, उष्णता बाहेर पडते. पारदर्शक प्लास्टिकचंही चालतं, फक्त उन्हाळ्यात लक्ष ठेवावं लागतं.

बसवताना टेबलावर चादर किंवा लोकरीचं कापड नको. लाकडी टेबल पुसून घे, त्यावर कागद अंथर. थंडीच्या दिवसांत स्वेटर काढून ठेव आणि डिस्कला हात लावण्याआधी नळाला, खिडकीच्या लोखंडी गजाला, कशाला तरी उघड्या धातूला हात लाव. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण बोर्डावरच्या चिपला पुरते. डिस्क कडेने धरायची, खालच्या हिरव्या बोर्डाला बोट लावायचं नाही. लॅपटॉपमधून काढताना तिला पत्र्याची चौकट असते, तिचे चार स्क्रू काढून चौकट वेगळी कर. ते स्क्रू चौकटीसकट एका पाकिटात घाल, पुढे लागतात.

डिस्क सपाट ठेवून पट्टीला पट्टी भिडव आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ रेषेत सरकव. तिरपं दाबायचं नाही. शेवटी हलकं ‘टक्’ जाणवतं आणि मध्ये फट राहत नाही. फट दिसली तर पुढे जाऊ नकोस, बाहेर काढून परत बसव. अर्धवट बसलेली डिस्क सुरू होते, दिसते, आणि मोठी फाइल उतरवताना मध्येच गायब होते.

डिस्कच्या पत्र्यावर एक बारीक भोक असतं, शेजारी ‘हे झाकू नका’ अशी सूचना छापलेली असते. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब समान राहावा म्हणून ते असतं. गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी त्यावर चिकटवू नकोस. आणि डिस्क वापरात आहे तोवर वरचे चांदणीच्या तोंडाचे स्क्रू कधीही उघडायचे नाहीत. आत आरशासारख्या तबकड्या मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेतात, आणि वाचणारं डोकं त्यांच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस त्या अंतरापेक्षा हजारो पटींनी जाड. आयबीएमने 1956 साली पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून 50 लाख अक्षरं मावत, आजच्या कॅमेऱ्याचा एखादाच फोटो. तेव्हापासूनच्या प्रगतीत तबकडी आणि डोकं यांतलं अंतर कमी करण्याचा मोठा वाटा आहे. म्हणून चालू डिस्क उचलायची नाही, उभीची आडवी करायची नाही. बंद केल्यावरही फिरणं थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद हात लावायचा नाही.

आता विजेचं. यूएसबी 2.0 चं पोर्ट 500 मिलिअँपिअर देतं, 3.0 चं 900. अडीच इंची डिस्कच्या लेबलवर बघ, 5 व्होल्टपुढे अर्ध्यापासून एक अँपिअरपर्यंत आकडा सापडेल. सुरू होताना तबकडीला गती द्यायला सगळ्यात जास्त वीज लागते. पोर्ट अशक्त असेल तर डिस्क ‘टिक-टिक’ करते, थांबते, परत प्रयत्न करते. लोक म्हणतात डिस्क खराब. ती बरेचदा उपाशी असते. कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टातून काढून मागच्या, थेट मदरबोर्डावरच्या पोर्टात लाव. लांब केबल बदलून आखूड, जाड केबल लाव. मध्ये हब असेल तर काढून टाक. तरी उठली नाही तर दोन तोंडांची केबल मिळते, तिची दोन्ही तोंडं दोन पोर्टांत घालायची. एवढं केल्यावरही टिक-टिक चालूच राहिली तर दोष डिस्कचा.

साडेतीन इंचीचं केसिंग मात्र भिंतीतल्या विजेवर चालतं, आणि आपल्याकडची वीज तुला माहीत आहे. शेतीची थ्री फेज आली की शिवारातले सगळे ऑटो स्टार्टर एकदम मोटारी उचलतात आणि घरातला दिवा क्षणभर मंद होतो. कालव्याला पाणी नसलं की विहिरी आणि बोअरवर भार, तेव्हा तर जास्तच. दिवा मंद झाला तरी आपलं काही अडत नाही, पण लिहिण्याच्या मध्यात असलेल्या डिस्कचं अडतं. फाइल अर्धवट राहते, कधी कधी सगळ्या फोल्डरांची यादीच बिघडते. म्हणून केसिंगचा अडॅप्टर आणि कॉम्प्युटर, दोन्ही यूपीएसवरच लावायचे. फक्त कॉम्प्युटर यूपीएसवर आणि डिस्क भिंतीत, असं केलंस तर यूपीएसचा काही उपयोग नाही. अडीच इंचीचं काम लॅपटॉपवर कर, बॅटरी भरलेली असू दे.

पहिल्यांदा जोडशील तेव्हा कान लाव. हलकी घरघर, मग एकदोन बारीक कुरकुर, मग शांत, ही तब्येत चांगली. ठरावीक अंतराने ‘खट्... खट्...’ आलं तर त्याच क्षणी केबल काढ. परत परत लावून बघायचा मोह होतो, तो आवर. आतलं डोकं तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडा थोडा डेटा खरवडला जातो. ती डिस्क पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरीवाल्यांची. ते पैसे भरपूर घेतात, तेव्हा गिऱ्हाइकाला विचार आणि निर्णय त्याच्यावर सोड.

आवाज नीट आहे, पण विंडोज विचारतंय: ‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करायचा का?’ इथे पुष्कळांचं बोट ‘हो’वर जातं. डेटाची डिस्क असेल तर उत्तर ‘नाही’च. हा प्रश्न येतो याचा अर्थ इतकाच की विंडोजला तिथली मांडणी वाचता आली नाही. ती वाचता न येण्याची कारणं साधीही असतात. डिस्क मॅकची किंवा लिनक्सची असेल. काही केसिंग डिस्कचे सेक्टर वेगळ्या मापाने दाखवतात, त्यामुळे जुन्या केसिंगमध्ये भरलेली डिस्क नव्यात कोरी भासते, परत जुन्यात घातली की सगळं दिसतं. आणि लॅपटॉप नवीन असेल तर बिटलॉकर लागलेला असू शकतो. तो लागलाय हे मालकाला बरेचदा माहीतच नसतं. तिथे 48 आकडी किल्ली मागतात. विंडोजला ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं होतं, त्या खात्यावर ती बहुधा जपलेली असते. गिऱ्हाइकाकडून डिस्क घेतानाच त्याचा ईमेल आणि पासवर्ड आठवतोय का, विचारून घे. त्याचं खातं त्याने स्वतःच्याच मोबाइलवर उघडावं, पासवर्ड तू लिहून घेऊ नकोस.

फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ असं आलं तर घाबरायचं कारण नाही. जुन्या विंडोजच्या वापरकर्त्याचं कुलूप असतं, ‘कंटिन्यू’ दाबलं की उघडतं.

रिकामी डिस्क असेल तर तिची गोष्ट वेगळी. ती ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन आधी इनिशियलाइज करावी लागते. तिथे एमबीआर की जीपीटी असं विचारतात. जीपीटी घे, एमबीआर 2 टीबीच्या पुढे जात नाही. फॉरमॅट एनटीएफएस ठेव. गिऱ्हाइकाच्या टीव्हीला किंवा मॅकला लावायची असेल तर एक्सफॅट. फॅट 32 नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही. जुन्या मिनी डीव्ही कॅसेटचा एक तास उतरवला तरी 13 जीबी होतात. आणि 1 टीबीच्या डिस्कवर 931 जीबी दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1,024 ने. माल तोच.

आता खरी परीक्षा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघड. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते, ती हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. वरचं निळं ‘गुड’ बघून थांबू नकोस, खाली चार ओळी वाच. 05 म्हणजे खराब झालेले आणि बदली दिलेले सेक्टर. सी5 म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले. सी6 म्हणजे आशा सोडलेले. या तिन्हींत शून्य हवं. 05 मध्ये थोडा आकडा असला आणि तो महिनोन्महिने तेवढाच राहिला तर ती डिस्क दुय्यम कामाला चालते. सी5 वाढताना दिसला तर डेटा ताबडतोब हलव. चौथी ओळ सी7, ती डिस्क आणि केसिंग यांच्यातल्या जोडणीची. जुना आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून चाचणीआधी तो लिहून ठेव आणि चाचणीनंतर परत बघ. वाढला असेल तर डिस्क निर्दोष, पट्टी नीट बसलेली नाही किंवा केसिंगच फालतू आहे. काही स्वस्त केसिंगमधून ही नोंद वाचताच येत नाही, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्क दिसतच नाही. असं केसिंग परत कर. जे तब्येत दाखवत नाही त्यावर धंदा चालवायचा नाही.

मग रिकामी डिस्क काठोकाठ भरायची. त्यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू आहे, जर्मनीतल्या सी-टी या कॉम्प्युटर नियतकालिकाने बनवलेलं. ते एकेक जीबीच्या फायली लिहीत डिस्क भरतं आणि मग सगळ्या परत वाचून जुळवतं. 500 जीबीला लिहिणं-वाचणं मिळून तीन-चार तास, 1 टीबीला सहा-सात. सुरुवातीला वेग शंभरच्या वर असेल आणि शेवटी निम्म्यावर येईल, ते बिघडल्याचं लक्षण नाही. डिस्क बाहेरच्या कडेपासून भरत आत जाते, आणि आतल्या बाजूला एका फेऱ्यात कमी डेटा मावतो. वेग हळूहळू उतरणं बरोबर. मध्येच शून्यावर जाऊन परत उठणं मात्र वाईट. ऑनलाइन दीड-दोन हजारांत 16 टीबी म्हणून जे विकतात त्यांचं पितळही हीच चाचणी उघडं पाडते. आत 64 जीबीचं मेमरी कार्ड असतं आणि त्यापुढचं लिहिलेलं हवेत जातं.

चाचणी चालू असताना तापमानावर नजर ठेव. डिस्क 50 अंशांच्या आत राहावी, 60 ला पोचली तर थांबव. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच चाळिशी गाठते, आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नको. उन्हाळ्यात ही कामं पहाटे कर. केसिंगखाली दोन बाजूंना दोन पेन्सिली ठेव म्हणजे खालून हवा खेळेल, आणि टेबलफॅनचं तोंड तिकडे कर. गादीवर, उशीवर, अल्बमच्या गठ्ठ्यावर केसिंग ठेवायचं नाही.

एवढं सगळं पार पडलं की ती फालतू डिस्क काढ आणि लॅपटॉपची डिस्क घाल. तब्येत आधी बघ. सी5 मध्ये आकडा असेल तर काम उलट्या क्रमाने करायचं. दुरुस्ती मागाहून, उतरवणं आधी. बरेच जण अशा वेळी विंडोजमधलं चेकडिस्क चालवतात. चेकडिस्कला फायलींची यादी नीटनेटकी करायची असते, लग्नाचं शूटिंग वाचवायचं नसतं. ते अशक्त डिस्कला सगळीभर पळवतं आणि न वाचलेले तुकडे सोडून देतं. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते पहिल्यांदा उतरव: ज्या लग्नांचे अल्बम अजून दिले नाहीत ती, मग जुनं शूटिंग, सगळ्यात शेवटी गाणी आणि सॉफ्टवेअर. सगळं एकदम निवडून ओढू नकोस, एकेक फोल्डर घे. एखादी फाइल अडकली तर ती सोडून पुढे जा, शेवटी तिच्याकडे परत ये. लिनक्सवाला ओळखीचा असेल तर त्याला डीडीरेस्क्यू चालवायला सांग, ते नेमकं हेच शहाणपणाने करतं.

उतरवलेलं बरोबर उतरलं का, हेही बघायचं. फोल्डरावर उजवं बटण दाबून दोन्हीकडचा आकार आणि फायलींची संख्या जुळव, बाइटपर्यंत. मोठ्या व्हिडिओची शेवटची दोन मिनिटं चालवून बघ. अर्धवट उतरलेला व्हिडिओ सुरुवातीला छान चालतो आणि बिदाईच्या वेळी गोठतो. फार मोलाची फाइल असेल तर ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा विंडोजमध्येच आहे, ती फाइलचा ठसा काढते. दोन्हीकडचा ठसा अक्षर न् अक्षर एक आला म्हणजे शंका राहत नाही. आणि हे सगळं होईपर्यंत मूळ डिस्कवरचं काही पुसायचं नाही, कितीही जागा कमी पडत असली तरी.

प्रती किती ठेवायच्या यावर पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने रुळवलेला नियम जगभरचे फोटोवाले पाळतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. त्यातली दुसरी जागा आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळं गेली. ज्यांच्या प्रती दुसरीकडे होत्या ते चित्रपट आज बघता येतात. 2019 च्या सप्टेंबरात कऱ्हेला पूर आला तेव्हा बारामतीत नदीकाठच्या लोकांना घाईघाईने घरं सोडावी लागली. अशा वेळी माणूस कागदपत्रं आणि दागिने उचलतो, कपाटातली डिस्क त्याला आठवत नाही. तू एक डिस्क इंदापूरला मावशीकडे ठेव. दिवाळीला जाशील तेव्हा नवीन भरलेली ने, जुनी घेऊन ये. मावशीला सांग, कपाटात ठेवायची, फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याखाली नको, तिथे धूर आणि ओल असते.

स्टुडिओतली डिस्कही उघडी ठेवू नकोस. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चिपाडाची काळी राख गच्चीवर, खिडकीत, सगळीकडे येते. ती डिस्कच्या आत जात नाही, पण यूएसबीच्या तोंडात बसते आणि जोडणी सैल करते. झाकणाच्या डब्यात ठेव, आत सिलिकाची पुडी टाक. महिनोन्महिने कपाटात पडून राहायची प्रत फिरत्या डिस्कवरच असू दे. एसएसडी, म्हणजे बिनतबकडीची डिस्क, रोजच्या एडिटिंगला झकास, पण वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तिच्यातलं लिहिलेलं विरू लागतं. फिरती डिस्कसुद्धा सहा महिन्यांनी एकदा लावून फिरव, त्याच चार ओळी वाच आणि आकडे वहीत टाक. काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढ. विंडोजने 2018 पासून त्याची गरज कमी केली म्हणतात, ते पेन ड्राइव्हपुरतं मान. फिरत्या तबकडीला थांबायला अवधी मिळावा यासाठी तरी ते कर.

फोल्डरला नावं तारखेने दे, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग गाव आणि दोन्ही घराण्यांची आडनावं. नुसतं ‘नवीन लग्न फायनल’ असं लिहिलं तर पुढच्या वर्षी तुलाच सापडणार नाही. डिस्कमध्ये काय आहे त्याची यादी वहीतही ठेव आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू दे.

जुनी डिस्क निवृत्त करशील तेव्हा तशीच भंगारवाल्याला घालू नकोस, तिच्यात लोकांच्या घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात. फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक’वरची खूण काढ आणि पूर्ण फॉरमॅट कर, म्हणजे सगळीभर शून्य लिहिली जातात. क्विक फॉरमॅटने नुसती यादी पुसते, फोटो आत तसेच राहतात आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत निघतात. डिस्क सुरूच होत नसेल तर वरचा पत्रा काढून तबकड्या वाकव. त्या काचेच्याही असतात, तेव्हा डोळ्यांवर गॉगल घाल आणि पिशवीत धरून फोड. मग ती पिशवी ई-कचऱ्यात दे.